आठशे वॅटचा डबा

बगदादच्या सिनाआ रस्त्यावर आमचं कॉम्प्युटरचं दुकान. मी आणि माझा धाकटा भाऊ सरमद. गेमिंग कॅफेवाल्या कहताननं मोठं ग्राफिक्स कार्ड आमच्याकडूनच घेतलं.

"पॉवर सप्लाय साडेसातशेचा घे," सरमद म्हणाला. "हे कार्ड एकटंच तीनशे वॅट ओढतं, वर प्रोसेसर. शिवाय जनरेटरची वीज झटके मारते ते वेगळंच."

"मग जनरेटरच विकून टाक की मला!" कहतान हसला. "समोरच्या दुकानात हिकमतकडे आठशेचा मिळतोय, तोही स्वस्तात."

"आठशे नुसते लेबलावर. पेटेल, बाबा."

"पोट दुखतंय तुझं, दुसरं काय!"

दुसऱ्या दिवशी दुपारी लाथेनं दार उघडून कहतान आत घुसला. मागे त्याचा चुलतभाऊ. कहतानच्या हातात हिकमतकडून घेतलेल्या सप्लायचा काळवंडलेला डबा. तो फुटून मशीन पेटलं होतं आणि कहतानच्या बहिणीचा हात कोपरापर्यंत भाजला होता.

"सडकं कार्ड गळ्यात मारलंस, हरामखोरा!"

सरमदनं तोंड उघडायच्या आत डबा त्याच्या कानशिलावर बसला. पुन्हा बसला. रक्त काउंटरवर उडालं. मी स्टूल उचलून कहतानच्या मनगटावर हाणलं. हाड मोडलेलं ऐकू आलं. चुलतभावानं पिस्तूल काढलं. गोळी छतात घुसली, ट्यूबच्या काचा अंगावर कोसळल्या.

खाली पडलेल्या डब्याचा पत्रा उसवला होता. आतून सिमेंटचा गट्टू घरंगळत आला. डबा जड लागावा म्हणून बसवलेला. बाकी आत चार तारा.

कहतानची नजर त्या गट्टूवर गेली. मग मोडका हात छातीशी धरून ओरडला, "हिकमत!"

म्हाताऱ्या हिकमतला त्यांनी गचांडी धरून रस्त्यावर ओढलं. पिस्तुलाच्या मुठीनं त्याचे दात पाडले. रक्तानं माखलेला सरमद धडपडत गेला आणि त्याच्या अंगावर आडवा पडला.

"त्यालाही घाऊकवाल्याकडून बंद खोकंच मिळालं होतं रे! मारायचंच असेल तर मला मारा. मघाशी अर्धवटच सोडलंत!"

चुलतभावाचा उगारलेला हात खाली आला.

पुढे घराण्यांची बैठक बसली, समेट झाला. सरमदचा डावा कान मात्र कायमचा गेला.

महिन्याभरानं कहतान प्लास्टरमधला हात सांभाळत कॅफेतली सगळी मशीनं तपासायला घेऊन आला. मी त्याला हाकलणार होतो. सरमदनं पहिलं मशीन पुढ्यात ओढलं.

कहतान डावीकडून माफीचं काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं बोल," सरमद स्क्रू काढत म्हणाला. "त्या बाजूनं ऐकू येत नाही मला."