गिरिजाच्या पाठीवरचा पंप

मित्रांनो, पाठीवर पट्ट्यांनी अडकवतात तो फवारणीचा जुना पंप म्हणजे मी. माझ्या पोटात सोळा लिटर औषध मावते. डाव्या हाताने दांडा हलवायचा, उजव्या हातातल्या नळीतून धुक्यासारखा बारीक फवारा सोडायचा, हे माझे काम. भाईंदर पूर्वेच्या गल्ल्या मला पाठ आहेत.

पालिकेच्या फवारणी पथकात नव्याने आलेल्या गिरिजाच्या पाठीवर मला दिले तेव्हा बाकीचे कामगार हसले होते. "हिला पेलणार का?" तिने पट्ट्या आवळल्या आणि चालू लागली.

नवघरच्या एका इमारतीत चौघांना डेंग्यू झाला होता. छोटी इशिता तर दवाखान्यात होती. आम्ही पोहोचलो तसे सेक्रेटरी हरिश्चंद्र धावत आले.

"मॅडम, धुराची मशीन कुठाय? आणि मागची ती सगळी झाडंझुडपं भिजवून टाका. एक पान सोडू नका!"

मागे सावित्रीआजींचा अळूचा वाफा होता. खाडीकाठच्या खारीत पूर्वी त्यांची भातशेती होती, आता एवढाच तुकडा उरला होता. त्या वाफ्यापुढे उभ्या राहिल्या. "पोरी, माझ्या अलवावर नको मारू. त्याची भाजी खातंव आम्ही."

"खायच्या पानावर मी मारणारच नाही, आजी," गिरिजा म्हणाली.

हरिश्चंद्र चिडले. "मी वर कम्प्लेंट करीन!"

"करा, साहेब. पण धूर घटकाभरात उडून जातो. डास दिवसा सावलीत, पानांच्या खालच्या बाजूला बसतात. औषध तिथंच पोचलं पाहिजे."

आजींनी बोट दाखवले. "मच्छर ना? तिकरं बघ, त्या भिंतीवरच्या येलीत."

इमारतीनेच शोभेसाठी लावलेली दाट वेल होती ती. गिरिजाने काठीने हलवली, तर डासांचा काळा थवाच उठला. वेलीमागच्या फुटक्या पिंपात अळ्या वळवळत होत्या. तिने आधी पिंप पालथे केले. मग नळीचे तोंड वर वळवून पानांच्या खालून फवारत गेली. एक पानही सुटू दिले नाही. माझा फवारा त्या दिवशी काय सुरेख पडत होता!

इशिता बरी होऊन घरी आली. इमारतीत पुन्हा कोणी आजारी पडले नाही. पुढच्या खेपेला हरिश्चंद्रांनी स्वतः फाटक उघडले आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही सांगाल तसं."

त्यानंतर मी रोज राबलो. पण मला धुवायला, वायसर बदलायला कोणाला सवड नव्हती. एके दिवशी गोडदेवला माझ्या बुडातून औषध झिरपले आणि गिरिजाची पाठ ओली झाली. तिने तात्काळ मला खाली ठेवले, ओला सदरा बदलला आणि साबणाने पाठ धुतली.

मुकादम म्हणाला, "आजच्या दिवस चालव ना. थोडंच गळतंय."

"नाही चालवणार. आधी दुरुस्त करा, मग पाठीवर घेते."

दुरुस्ती काही झाली नाही आणि मी अडगळीच्या खोलीत गेलो. सुरुवातीला वाईट वाटले. पण मित्रांनो, ती बरोबर होती. मला वापरून झाल्यावर धुवा, माझे वायसर वेळेवर बदला, एवढे मी हक्काने मागतो. आणि ते जमले नाही, तर मला खुशाल धूळ खात पडू द्या. गळका पंप माणसाच्या पाठीवर मात्र कधीच चढवू नका.