बादलचा कबुलीजबाब

मानोऱ्याजवळच्या कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंग कारखान्यात सिनेमाचं शूटिंग लागलं, तेव्हा तांड्यातल्या बऱ्याच जणांना काम मिळालं. टीव्हीवर हेरांची एक मालिका गाजली होती, तिच्यावरून हा मोठा सिनेमा निघत होता. बादल एरवी ऊसतोडीला जाणारा, मोसम नसला की किन्हीराजा गावात जगदेवभाऊंच्या शेतात राबणारा गडी. गर्दीत उभं राहायला म्हणून तो गेला आणि त्याची बसलेली गालफडं, खोल डोळे पाहून दिग्दर्शकाने त्याला बाजूला काढलं. शत्रूला बातम्या पोचवणारा खबऱ्या त्याला करायचा होता. हा खबऱ्या मालिकेत नव्हता, सिनेमासाठी नवा घातला होता.

"तुझ्याच बोलीत बोल," दिग्दर्शक म्हणाला.

खुर्चीला बांधलेल्या, ओठातून खोटं रक्त गळणाऱ्या बादलने मान वर केली. "व्हय, म्याच सांगतलं. पूल म्याच दाखवला त्याईले. पोरं कवा निंघतात, तेबी म्याच सांगतलं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बादलला मात्र आपल्याच आवाजाची शिसारी आली.

शूटिंगवाले निघून गेले. सोयाबीन सोंगायला आलं तसा बादल बायकोला, रंजीताला घेऊन किन्हीराजाला गेला. फाट्यावरच्या हॉटेलात शिरला, तर बोलणी थांबली. चहावाल्याने कप हातात न देता टेबलावर ठेवला आणि लगेच मागे सरला. शेतात विळा देताना जगदेवभाऊंनी विचारलं, "मधात कुठी होता रे तू? कोणासंग होता?"

"शूटिंगले होतो ना भाऊ."

"हं," एवढंच म्हणून ते गेले.

दुपारी त्यांची सून वर्षाराणी पाण्याची कळशी घेऊन आली. ती नेहमी रंजीताशी बोलत बसायची. आज कळशी बांधावरच ठेवून तिने हळूच मोबाइल पुढे केला. पडद्यावर बादल होता. खुर्ची, रक्त, फुटलेला ओठ. कॅमेरा नाही, दिवे नाहीत. सेटवरच्या कोणीतरी चोरून काढलेलं, आणि खाली लिहिलेलं: 'आपल्याच भागातला गद्दार. ओळखून ठेवा.'

"हे गावात समद्याईच्या मोबाइलवर हाये," वर्षाराणी म्हणाली. "तुमी निंघून जा. आताच."

पण बांधावर माणसं जमायला लागली होती. कोणी आरडाओरडा करत नव्हतं. ती नुसती येत होती, रानाच्या चारी अंगांनी, आणि एकमेकांशीही बोलत नव्हती.

"सिनेमा हाये तो," बादल ओरडला. "नाटक केलं म्या!"

"नाटक?" पुढचा एक जण म्हणाला. "मंग करून दाखव."

"नका करू," रंजीताने त्याचा हात धरला. "पाया पडते, नका करू."

बादलला वाटलं, दाखवलं की सुटलो. त्याने विळा खाली टाकला, डोळे मिटले. जिनिंगमधली ती खुर्ची आठवली. मग मान वर करून तो बोलला, "व्हय, म्याच सांगतलं. पूल म्याच दाखवला त्याईले..." भीतीने आवाज चिरकत होता. त्या दिवशीपेक्षा आज तो कितीतरी खरा निघाला. बोलता बोलता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते थांबेना.

कोणी हसलं नाही. गर्दीत वरती धरलेले मोबाइल त्याला आत्ता दिसले.

"कबूल केलं ना त्यानं," मागून कोणीतरी शांतपणे म्हणालं, आणि पहिलं ढेकूळ त्याच्या कपाळावर फुटलं.

जगदेवभाऊंनी त्याला आणि रंजीताला ओढत विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत कोंडलं आणि दाराला पाठ लावून पोलिसांना फोन केला. जीप येईपर्यंत आतल्या अंधारात दोघं पत्र्यावर पडणारे दगड ऐकत राहिली.

ठाण्यातून दिग्दर्शकाशी फोनवर बोलणं झालं. "आमचाच सीन आहे," त्याने सांगितलं. ठाणेदाराने बादलला सोडलं. जगदेवभाऊ बाहेर उभे होते. "आता येऊ नको इकडे," ते खाली पाहत म्हणाले. "माह्या हातात काई राह्यलं नाई, बावा."

आठवडाभराने नवा व्हिडिओ फिरायला लागला. त्यात खुर्ची नव्हती की रक्त नव्हतं. बादल स्वतःच्या कपड्यांत, सोयाबीनमध्ये उभा राहून, रडत रडत सगळं कबूल करत होता. ठाणेदाराने पुन्हा बोलावलं आणि त्याच्यासमोरच दिग्दर्शकाला फोन लावला. पलीकडच्या माणसाने पाठवलेला व्हिडिओ दोनदा लावून पाहिला.

"नाही साहेब," तो शेवटी म्हणाला. "हे आम्ही शूट केलेलं नाही."

ठाणेदाराने फोन ठेवला. "पयला त्याईचा होता," तो बादलकडे पाहून म्हणाला. "हा कोणाचा हाये?"

बादलने काय काय सांगितलं, जगदेवभाऊंचं नाव घेतलं, रंजीता रडली. ठाणेदाराने ऐकून घेतलं आणि जायला सांगितलं. पण दारापर्यंत त्याची नजर बादलच्या पाठीवरून हटली नाही.

तांड्याने त्या वर्षी ऊसतोडीला लवकर निघायचं ठरवलं. ट्रकमध्ये सामान चढवताना मुकादम लालसिंगने मोबाइलमध्ये पाहिलं, मग बादलकडे पाहिलं. तो त्याला लहानपणापासून ओळखत होता.

"मांगं बस," तो म्हणाला. "आन तोंड झाकून घे."

बादलने दुपट्टा तोंडाला गुंडाळला आणि रंजीताशेजारी जाऊन बसला. बाकीच्यांनी सरकून त्यांना जागा करून दिली, गरजेपेक्षा जास्तच. ट्रक सुरू झाला.