माझं काम सोडण्याचं

मी टगबोटीचा हूक बोलतोय. हूक म्हटल्यावर शर्ट टांगायचा हूक डोळ्यांपुढे आला असेल, तर तो आधी बाजूला ठेवा. माझं वजन दीडशे किलो आहे, आणि माझ्या वाकड्या बोटात अडकवलेल्या दोराच्या टोकाला सहा मजली जहाज मुकाट्याने चालत येतं. तेव्हा जरा अदबीने ऐका.

टग म्हणजे बंदरातली बुटकी, दांडगट बोट. मोठी जहाजं भर समुद्रात राजासारखी मिरवतात, पण धक्क्याला लागायची वेळ आली की त्यांना ना धड वळता येतं, ना धड थांबता. मग आमची बोट जाते, दोर लावते आणि कान धरून त्यांना जागेवर आणून उभं करते. तो दोर ज्याच्यात अडकवतात, तो मी.

मला बोटीच्या अगदी मागच्या टोकाला बसवलेलं नाही. मी मध्यावर, कमरेच्या जरासा मागे आहे. कमरेला दोर बांधून गाडी ओढणारा माणूस हवा तिकडे वळू शकतो. तोच दोर घोट्याला बांधून बघा, कसा तोंडावर आपटतो ते! मी कमरेशी आहे म्हणून बोटीला ओढता ओढता वळता येतं. पण ह्या सोयीत एक मेख आहे. दोराला बांधलेल्या जहाजाने अचानक वेग घेतला आणि दोर आडवा ताणला गेला, तर बोटही आडवी ओढली जाते आणि कलंडते. तुमची चहात साखर ढवळून होते ना, तेवढ्या वेळात. अशा वेळी उपाय एकच. वरच्या केबिनीतला दांडा ओढायचा. मी तोंड उघडतो, दोर सुटतो, बोट सरळ होते.

म्हणजे धरणं हे माझं निम्मंच काम. उरलेलं आणि खरं काम सोडण्याचं.

हे ज्याला पुरतं कळलं होतं असा एकच माणूस मला जन्मात भेटला. कारखान्यातला टकलू तपासनीस. मला भट्टीतून काढून घासूनपुसून उभा केल्यावर सगळे विचारत होते, "किती टन धरेल?" टकलू म्हणाला, "धरेल हो. धरायला काय जातंय? सुटतो का ते दाखवा." त्याने माझ्यावर भार टाकून वीस वेळा मला उघडायला लावलं. एकविसाव्या वेळी स्वतःशीच हसला आणि माझ्या पाठीवर शिक्का मारला. मग मला बोटीवर चढवलं आणि शहाण्या माणसांचा सहवास संपला.

बोटीवर दोन माणसं महत्त्वाची. वर केबिनीत कप्तान, खाली इंजिनात मिस्त्री. मिस्त्रीची एकुलती एक लेक कप्तानाला दिलेली. म्हणजे सासरा खाली आणि जावई वर! मिस्त्री तसा तोंडाचा फटकळ. इंजिन रुसलं की त्याच्या सात पिढ्या उद्धरायचा. पण शिडी चढून जावयासमोर आला की भिजलेलं मांजर. "जावईबापू, जरा तेलाचं बघायचं होतं," असं अंग चोरून म्हणायचा. जावयाला कसं बोलायचं? लेकीला ऐकून घ्यावं लागेल ना!

कप्तान माणूस वाईट नव्हता. फक्त स्वतःवर भारी खूश. बोलताना दोन्ही हात हलवल्याशिवाय त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. एकदा बंदराचे मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन बोटीवर आले. आम्ही एका उभ्या जहाजाला दोर लावून थांबलो होतो. "साहेब, हे जहाज असं वळवतो आम्ही!" म्हणत कप्तानाने हात फिरवला आणि त्याचं कोपर थेट दांड्यावर बसलं. खट्! मी उघडलो. दोर धाडकन पाण्यात पडला आणि पाहुणे आंघोळ करून निघाले.

मोठ्या साहेबांनी चष्मा पुसला. म्हणाले, "कप्तान, तुमची बडबड ऐकून हूकसुद्धा पळाला हो!"

सगळे खो खो हसले. कप्तानही हसला, पण कान लाल झाले होते. ह्यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण. आता ह्यात चूक कोपराची की माझी? तुम्हीच सांगा. पण माणसाला स्वतःचं कोपर आवरण्यापेक्षा दुसऱ्याचं तोंड बांधणं सोपं वाटतं. दुसऱ्या दिवशी त्याने दांड्याला लोखंडी वायरचे आठ वेढे मारले आणि पकडीने असे पिळले की हत्तीलाही ओढता येऊ नयेत.

पुढच्या महिन्यात सुरक्षा तपासणी आली. आमच्याकडे तपासणीची तयारी म्हणजे रंगाचा डबा. जे हलतं, हलत नाही, गंजलंय, झिजलंय, त्या सगळ्याला लाल रंग. माझ्या सांध्यात, खिळीत, जिथे तेल जायला हवं तिथेही लाल रंग फासला. नवरीसारखा नटलो खरा, पण जबडा लिंपून बंद. तपासणी करणाऱ्या साहेबांनी पेनाने मला टिचकी मारली आणि फायलीत लिहिलं, "स्थिती उत्तम." केबिनीत वायर दिसली तेव्हा विचारलं, "हे काय?"

"जादा सुरक्षा, साहेब," कप्तान म्हणाला.

साहेबांनी लिहिलं, "जादा सुरक्षा आढळली." आणि चहा पिऊन गेले.

मिस्त्रीने वायर पाहिली. दोन दिवस शिडीशी घुटमळला, मग वर गेला.

"जावईबापू, एक बोलू का? राग नाही ना येणार?"

"बोला ना, बाबा."

"ती दांड्याची वायर. म्हणजे तुम्ही बांधलीय म्हणजे विचार करूनच बांधली असणार. पण एखाद्या वेळी..."

"बाबा, तुम्ही खाली इंजिन बघा. वरचं मी बघतो."

"बरं," मिस्त्री म्हणाला आणि खाली आला. येताना माझ्याजवळ टेकला. कुणी नाही बघून माझ्याशी बोलला, "लेक दिलीय रे ह्याला. नवरा आणि बाप, दोघंही ह्या एकाच डबड्यात. बुडालो तर पोरीने कुणाकुणासाठी रडायचं?" त्याचे डोळे भरून आले होते. मला जीव असता तर मीही रडलो असतो.

मग त्याने जे केलं ते फक्त सासराच करू शकतो. एका दुपारी कप्तान जेवायला उतरला तसा हा खरवडणी आणि तेलाची बुधली घेऊन आला. दोन तास माझा रंग खरवडला, तेल पाजलं, खालून मला उघडमीट करून बघितलं. मग केबिनीत जाऊन ती वायर कापून समुद्रात भिरकावली आणि तिच्या जागी साधी सुतळी बांधली. मोजून आठ वेढे. वरून चंदेरी रंगाचा हात. लांबून बघाल तर हुबेहूब वायर! जोर लावला की तुटणार. जावयाचा शब्दही राहिला आणि बोटही. वा रे मिस्त्री!

फक्त एक राहिलं. हे त्याने कुणालाही सांगितलं नाही. सांगायचं तर कसं? "तुमची वायर मी काढली" म्हणजे जावयाचा अपमान. मानपानापुढे माणसांची अक्कल अशी गुंडाळली जाते बघा. दांडा मोकळा होता, आणि ज्याने तो ओढायचा त्यालाच ठाऊक नव्हतं.

चार महिन्यांनी, सकाळच्या भरतीला, एक मालवाहू जहाज धक्क्यावरून काढायचं होतं. पुढे दुसरी टग, मागे आम्ही. जहाज मोकळं झालं आणि त्याच्यावरच्या कुणा दीडशहाण्याला घाई झाली. त्याने आम्हाला न कळवता इंजिन भरधाव सोडलं. दोर एकदम आडवा गेला. माझी हाडं करकरली. बोट उजवीकडे झुकली ती झुकतच चालली. भांडी घरंगळली, पाणी डेकवर चढलं.

आणि आमचा कप्तान काय करत होता? दांडा ओढत होता? छे! त्याच्या लेखी दांड्याला वायर होती. तो खणात पक्कड शोधत होता. "पक्कड! पक्कड कुठेय?" एका हाताने खण उपसत होता, दुसऱ्याने खिडकीला लटकलेला.

इंजिनाच्या दारातून मिस्त्री अर्धा बाहेर आला. गुडघाभर पाणी. तो जन्मात पहिल्यांदा जावयावर ओरडला, "अरे गाढवा, ओढ! सुतळी आहे ती, सुतळी! ओढ!"

कप्तानाने ओढला. सुतळी तटकन तुटली. मी उघडलो. दोर कानाशी सणसणत गेला, बोट एक मोठा हेलकावा खाऊन सरळ झाली. सगळे जिवंत होते. जहाज मात्र पुढच्या धक्क्याला घासलं आणि त्याला पोचा आला. माणसं वाचली तर कुणी विचारत नाही, पण पत्र्याला पोचा आला की चौकशी बसते.

चौकशीला मलाही नेलं. तिघांनी उचलून टेबलावर ठेवलं, खाली वर्तमानपत्र घातलं, काच फुटू नये म्हणून. समोर तीन साहेब. मधल्याने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हाच का तो?" जसा मी कुणाच्या घरात शिरलो होतो!

कप्तान उभा राहिला. ह्या वेळी हात हलले नाहीत. "हूक आपोआप सुटला, साहेब. जुना झालाय."

ऐकलंत? ज्याला मी वाचवलं तोच मला कुचकामी ठरवत होता. मी मिस्त्रीकडे पाहिलं. तो बुटांकडे बघत होता. मला वाटलं, झालं, जावयाचं नातं लोखंडापेक्षा जड, मी चाललो भंगारात.

मधल्या साहेबांनी मान डोलवली. "असं असेल तर धोका आहे. आपल्या बाकीच्या नऊ टगांवर हेच हूक आहेत. सगळे बोल्ट मारून पक्के करून टाका. उघडायलाच नकोत."

मिस्त्री उठला. खुर्ची मागे पडली. "नको साहेब! नऊ बोटींवर माणसं आहेत. तो आपोआप नाही सुटला. ओढला म्हणून सुटला. दांड्याला सुतळी होती, मी बांधलेली."

"सुतळी? कशासाठी?"

"आधी वायर होती. ती मी कापली."

"वायर कुणी बांधली होती?"

मिस्त्री हळूच म्हणाला, "ते मला सांगता येणार नाही, साहेब. तेवढं माफ करा."

लिहिणाऱ्या बाईंनी पेन वर धरलं होतं. कप्तान पंख्याकडे बघत होता. मी मनात म्हटलं, बोल रे. तुझ्यासाठी मी तोंड उघडलं, आता तू उघड.

मग त्याने पंख्यावरून नजर काढली. "मी बांधली," तो म्हणाला. "मला हसले होते म्हणून बांधली. बाबांचं काही चुकलं नाही."

कप्तानाचा परवाना सहा महिने गेला. नऊ बोटींवरचे बोल्ट टळले. चाळीस पानी अहवाल निघाला. त्यात लिहिलं होतं की हूक दर सोमवारी ओढून बघावा, आणि पुढे हेही लिहिलं होतं की परवानगीशिवाय बोटीवर सुतळी बाळगू नये. साहेबांची बुद्धी, आपण काय बोलणार! मला पुन्हा जागेवर बसवलं. आता मी बिनरंगाचा, तेलकट, काळाकुट्ट आहे. दिसायला कुरूप, पण जबडा कसा मोकळा.

सहा महिन्यांनी कप्तान कामावर परत आला, त्या सकाळी त्याच्यामागून एक बाई फळीवरून बोटीवर चढली. मिस्त्रीची लेक. इतकी वर्षं तिच्याबद्दल ऐकत होतो, पाहत होतो पहिल्यांदा. पदर खोचलेला, चेहरा घट्ट.

"कुठेय तो?" तिने विचारलं. दोघांनी एकदमच माझ्याकडे बोट केलं.

"दोर लावा."

कप्तानाने दोर लावला, दुसरं टोक धक्क्यावरच्या खुंटाला अडकवून बोट पुढे घेऊन ताणला. ती केबिनीत गेली, दोन्ही हातांनी दांडा धरून ओढला. खट्! मी उघडलो.

"परत लावा."

कप्तानाने परत लावला. तिने परत ओढला. खट्! तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. तिच्या तळहाताला वळ उठले.

"पुरे गं बाई," मिस्त्री म्हणाला. "सुटतोय तो. हात दुखतील."

"तुम्ही दोघांनी एकमेकांचा मान राखलात, बाबा," ती म्हणाली. "माझा विचार कुणी केला?"

कप्तानाने न सांगताच पुन्हा दोर लावला. तिने पुन्हा ओढला.

तुम्हालाही एक विनंती करतो. तुमच्याकडे जीव वाचवायला म्हणून ठेवलेला एखादा दांडा, कडी, आडवाटेचं दार असेल, तर आज उठून ते एकदा ओढून बघा. कुणाला काय वाटेल ह्याचा विचार उद्या करा.

सातव्यांदा मी उघडल्यावर ती खाली आली. माझ्याजवळ वाकली. घासून घासून मी तापलो होतो, तरी तिने हात ठेवला.

"ह्या दोघांचा मला भरवसा नाही," ती मला म्हणाली. "तुझा आहे."

आणि मागे न बघता फळीवरून उतरून गेली.