तोम्मा आजीची झारी

मी झारी बोलतेय. जस्ती पत्र्याची, लांब तोंडाची. उत्तर जर्मनीतल्या एका खेड्याच्या दफनभूमीत, नळाशेजारच्या दांडीवर आम्ही घरोघरच्या झाऱ्या कुलपात टांगलेल्या असतो. जिथे माणसं सगळं सोडून येतात, तिथेही मागे राहिलेल्यांना झारी चोरीला जाईल याची धास्ती!

तोम्मा आजीने मला आणलं ते नवरा गेल्यावर. थडग्याच्या दगडावर त्याच्या नावाखाली तिने स्वतःचंही नाव आणि जन्मसाल कोरून घेतलं होतं. आमच्याकडे तशी रीतच आहे. रोज सकाळी ती मला भरायची आणि स्वतःच्याच नावापुढच्या फुलांना पाणी घालायची.

शेजारच्या थडग्यावर नवऱ्यासाठी फुलं लावणारी ग्रेत्ये तिची थट्टा करायची. "अगं तोम्मा, स्वतःलाच पाणी घालतेस की काय?"

"घालून घेते बाई. नंतर कोण घालतंय!"

उरलेलं पाणी आजी पलीकडच्या मेटाच्या थडग्यावर ओतायची. मेटाशी तिने जन्मभर अबोला धरला होता. "भांडण तिच्याशी होतं," ती म्हणायची, "फुलांनी माझं काय घोडं मारलंय?"

ऐन हिवाळ्यात आजी गेली. वसंत आला तसा तिचा मुलगा हैको आणि नात इम्के थडग्यापाशी उभे राहिले.

"पांढरे गोटे पसरू," हैको म्हणाला. "फुलं लावली की पाणी आलं, पाणी आलं की रोजचं येणं आलं."

"बाबा, आजीवर गोटे? आजीवर! मी येईन दर रविवारी."

"हॅम्बुर्गहून? बोलाचीच कढी नि बोलाचाच भात! बरं, हा उन्हाळा बघू. नाही जमलं तर गोटे."

इम्केने लाल बेगोनिया लावले. तीन-चार रविवार आलीही. मग कामाच्या पाळ्या बदलल्या, गाड्या चुकल्या, आणि पावसाने दडी मारली. ग्रेत्ये खुब्याच्या ऑपरेशनसाठी शहरात होती. झारीतले शुक्राचार्य म्हणतात ना, आमचा झारीबाहेर होता; हैको गावात असूनही फिरकला नाही. दांडीवरून मला सगळं दिसत होतं. रोपं मान टाकत होती आणि माझ्या तोंडात कोळी जाळं विणत होता. तेव्हा मला माझ्या पत्र्याचा जीव नकोसा झाला.

इम्के आली ती कापडी बेगोनिया घेऊन. सुकलेल्या रोपांमध्येच तिने ते खोचले. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. तेवढ्यात काठी टेकत ग्रेत्ये आली.

"आजीला लाल रंग आवडायचा," इम्के घाईघाईने म्हणाली. "ही कधी सुकणार नाहीत."

ग्रेत्येने एक पाकळी चिमटीत धरून पाहिली. "एवढी वर्षं मी तिच्या बाजूला वाकून काम केलंय, पोरी. उमललेल्या फुलाकडे ती जरा बघायची. सुकलेलं खुडत मात्र तासभर बसायची. या कापडातून काय खुडणार?"

इम्केला रडू फुटलं. "मी आले नाही म्हणून रोपं मेली, ग्रेत्ये आजी."

"तोम्माची काय मरत नव्हती? मेलेली काढायची, नवी लावायची. एवढंच तर करत होती ती."

इम्के दुकानात जाऊन रोपं घेऊन आली. कापडी फुलं बाजूला टाकून ती गुडघ्यावर बसली आणि वाळकी रोपं उपटू लागली. मग माझं कुलूप उघडलं. किती दिवसांनी माझ्या पोटात पाणी पडलं!

तिची लावणी चालू असतानाच गोट्यांसाठी माप घ्यायला हैको आला.

"हीही सुकतील," तो म्हणाला.

"सुकू देत. काढायला येईन मी. कधी उशीर होईल, पण येईन."

हैकोने दगडावरच्या आईच्या नावाकडे पाहिलं. मी रिकामी झाले होते. त्याने मापाची फीत खिशात टाकली, मला उचललं आणि नळाकडे निघाला.

आता मी म्हातारी झालेय, बूड गंजलंय. एक दिवस मला भंगारात टाकतील. टाका बापडे, माझी तक्रार नाही. फक्त माझ्या जागी दुसरी टांगा, आणि तिला कोरडी ठेवू नका.