शौलच्या गुलाबांचा नवस

सकाळी सात वाजता अबिगेलने शौलच्या बागेचा नळ बंद केला आणि चावी खिशात टाकली.

१९७९चा उन्हाळा होता. इस्रायलच्या नेगेव वाळवंटातल्या त्या विद्यापीठात पाणी जपून वापरायचं होतं. शौल तिथला व्यवस्थापक. त्याने आदल्या वर्षी हुकूम काढला होता: शोभेच्या झाडांना पाणी नाही, धुण्याचं सांडपाणीसुद्धा नाही, त्याने डास होतात. मुलींच्या वसतिगृहाची प्रमुख अबिगेल हिच्या क्वार्टरमागे सब्जाचा वाफा होता. बी सासूने रेवदंड्याहून आणलेलं. शनिवारी संध्याकाळी शब्बाथचा विसावा संपताना घरात त्याचाच वास घ्यायचे.

"खायची भाजी नाही, म्हणजे शोभाच," शौल म्हणाला. बी धरायच्या आधीच वाफा जळला. शौलचे गुलाब मात्र भिजत राहिले.

तेव्हाच अबिगेलने नवसाला पावणाऱ्या एलियाहू हान्नाबी या प्रेषिताला नवस बोलला: याचे सगळे गुलाब वाळले की मलिदा करीन. यंदा ती पाणी समितीवर आली आणि नळांच्या चाव्या तिच्या हाती आल्या.

"गुलाब लेआचे आहेत," शौल म्हणाला. "आजारी बायको आहे माझी."

"हुकूम तुझा आहे. मी पाळते."

महिन्याभरात बाग तपकिरी झाली. गुरुवारी अबिगेलने पोहे भिजवले, गूळ-खोबरं घातलं, ताटाभोवती फळं मांडली. प्रार्थनेला तिचा दीर नेहेमिया अश्दोदहून आला. येताना तो शौलच्या कुंपणावरून डोकावला होता.

"वैनी, सगळे वाळले की, असंच बोलली होतीस ना?"

"सगळे."

"मग खिडकीखालचा हिरवा आहे. कळीपण धरलीय."

"चष्मा होता का डोळ्यावर?"

"होता. लेआ धुण्याचं पाणी टाकते त्याला. बादली उचलवत नाही, मगाने टाकते. नवस पुरा नाही झाला. आणि सुडाचा मलिदा कोण करतं गं? लग्नाला करतात, बाळंतपणाला करतात."

"माझं बी गेलं, तेव्हा कुठे होतास?"

"ते लेआने नाही घालवलं."

"तिच्या नवऱ्याने घालवलं. आणि धुण्याचं पाणी मना आहे. त्याचाच हुकूम."

अबिगेलने ताटावर फडकं घातलं आणि चावी घेऊन निघाली.

दुपारी शौल कचेरीत होता. लेआच्या दाराची घंटा अबिगेलने वाजवली, हे समोरच्या घरातल्या अहुवाने पाहिलं. लेआनेच दार उघडलं. तिच्या हातात मग होता. अबिगेल आत गेली.

नेहेमिया ताटापाशी बसून राहिला. संध्याकाळी सहापर्यंत नळ बंदच होता आणि अबिगेल लेआच्या घरातून बाहेर आलेली नव्हती. खिडकीखालच्या गुलाबाची माती मात्र नुकतीच भिजलेली होती.