पाच घरांपैकी पहिलं

तुरुंगातल्या हवालदाराने सत्तेचाळिसाव्या वर्षी गुन्हेगारीशास्त्राच्या रविवारच्या वर्गात नाव घातलं, तेव्हा बराकीतले कैदीसुद्धा हसले. "साहेब, आम्हाला विचारायचं की! फुकट शिकवलं असतं." पण हवालदाराचं गणित पक्कं होतं. वर्गाचं प्रमाणपत्र बढतीला उपयोगी पडतं, आणि यंदाची संधी शेवटची. पुढच्या वर्षी वय उलटणार. गेल्या वर्षी मुलाखतीचं पत्रच घरी पोचलं नव्हतं, आणि हाताखालचा माणूस डोक्यावर येऊन बसला. तेव्हापासून हवालदाराने पोस्टमनशी बोलणं टाकलं होतं.

वर्गातल्या बाईंनी काम दिलं, "पोलिसांपर्यंत पोचतात ते गुन्हे मूठभर. बाकीचे घरातच मुरतात. पाच घरं फिरा, हा फॉर्म भरून आणा."

पाच घरं हिंडायची, तर पहिलं आपलंच का नको? चप्पल तरी कमी झिजेल.

वडील पलंगावर बसले होते. त्याने फॉर्मचं पहिलं वाक्य खणखणीत वाचलं, "तुमची उत्तरं गुप्त राहतील. कुणालाही सांगितली जाणार नाहीत."

"नक्की?"

"आबा, छापील शब्द आहे."

"मग विचार."

"दोन वर्षांत घरातून काही चोरीला गेलं?"

"गेलं की. तुझं पत्र."

हवालदाराचं पेन थांबलं. पुढचा प्रश्न त्याने कसाबसा वाचला. "चोर... ओळखीचा होता?"

"तुझी बायको. गॅसवर धरलंन् पत्र. बढती म्हणजे बदली. तिची शिवणाची गिऱ्हाइकं तुटली असती."

"तुम्ही तक्रार का केली नाहीत?" हाही प्रश्न फॉर्मवरचाच होता.

म्हातारा घुटमळला. "बदली झाली असती, तर मला कोण बघणार होतं? मालात माझाही वाटा होता. लिही तसं."

त्याने लिहिलं. वीस वर्षं त्याने लोकांच्या चपलांच्या तळातून ब्लेडं काढली होती. घराची झडती घ्यायचं कधी सुचलं नव्हतं.

बायको चहा घेऊन आली. "बाप-लेकाचं काय गुपित चाललंय? मलाही विचारा की!"

"घरातून काही चोरीला गेलं?"

"हवालदाराच्या घरातून? चोराला जीव जड झालाय का?" ती हसली. आबा बशीत फुंकर मारत राहिले. मान काही वर केली नाही.

गुप्ततेचा शब्द दिलेला. त्याने तिच्या नावापुढे ‘नाही’ लिहिलं आणि चहा तसाच ठेवून उठला.

सकाळी तुरुंगाच्या फाटकाशी पोस्टमन भेटला. हवालदार स्वतःहून पुढे झाला. "त्या पत्रावरून वर्षभर तुमच्यावर उगाच डूख धरला. माफ करा."

"म्हणजे चोर सापडला?"

"सांगता येत नाही."

मग कचेरीत बसून त्याने यंदाचा अर्ज भरला. पत्त्याच्या रकान्यात घराचा नंबर लिहायला घेतला, खोडला, आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं : मध्यवर्ती तुरुंग, मुख्य फाटक.

तिथे आलेल्या प्रत्येक पाकिटाची नोंद होते.