पहिल्या नंबराची ओटी

राजूबाईला पोळी बिघडवायची होती, आणि नेमकं तेवढंच तिला जमलं नाही.

तसं बिघडवण्यात अवघड काय होतं? पुरणात गूळ सैल हातानं टाकायचा, कणीक जरा कमी तिंबायची, तवा पुरता तापू द्यायचा नाही. पण चुलीपुढं बसल्यावर हात तिचं ऐकेनात. पाट्यावर पुरण वाटलं ते असं, की बोटाला कण लागेना. पोळी लाटली ती अशी, की पुरण थेट कडेपर्यंत गेलं आणि कुठं फुटलं म्हणून नाही. पाच पोळ्या ताटात रचल्यावर तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला.

पोळ्यांच्या चढाओढीचं हे खूळ राजेश्वर गावात सरकारच्या नव्या विकास योजनेनं आणलं होतं. शाळेच्या पटांगणात बायकांचा मेळावा भरायचा होता. गुलबर्ग्याहून कुणा साहेबांच्या बाई येऊन पोळ्या चाखणार होत्या. ताटावर नाव नाही, नुसता नंबर. पहिली येईल तिला पितळेचा डबा आणि भर मेळाव्यात खणानारळानं ओटी. सोजराबाईला डब्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिचा डोळा ओटीवर होता.

सोजराबाई म्हणजे राजूबाईची सासू. तिचा एकुलता एक लेक ग्यानबा, राजूबाईचा नवरा, निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत मुगाची गाडी घेऊन हुमनाबादच्या बाजाराला गेला तो परत आलाच नाही. त्याला आता पाच वर्षं होऊन गेली. माझा लेक जिता हाय, कुठंतरी अडकलाय, असं सासू म्हणायची, आणि सुनेच्या कपाळाचं कुंकू तिनं कुणाला पुसू दिलं नाही. पहिली दोन वर्षं गावानं मानून घेतलं. मग लग्नाची हळद दळायला बायका राजूबाईला बोलवेनाशा झाल्या, हळदीकुंकवाचं आवतण तिचं दार टाळून पुढं जाऊ लागलं. तोंडावर मात्र कुणी चकार शब्द काढत नव्हतं. असली सभ्यता गावाला नको तिथं बरोबर सुचते.

"सगळ्या गावादेखत तुझी वटी भरू दे," सोजराबाई म्हणाली होती, "मग बघते कोन टाळायलंय ते."

"कशाला अत्या," एवढंच राजूबाई म्हणाली. खरं कारण तिला सांगता येत नव्हतं. ग्यानबा मेला हे तिला ठाऊक होतं. दुसरी गाडी घेऊन त्याच्याबरोबर गेलेला तिप्पण्णा गाडीवान त्याच वर्षीच्या दिवाळीत तिला विहिरीवर गाठून सांगून गेला होता. कारंजा नदीच्या काठावर त्यानंच ग्यानबाला अग्नी दिला होता. म्हातारीला तू सांग, माझ्यानं होत न्हाई, असं म्हणून तो गाव सोडून गेला. तेव्हा सोजराबाई तापानं फणफणत होती. उठून बसली की सांगू, असं राजूबाईनं ठरवलं. ती उठली आणि उठल्या उठल्या लेकासाठी नवस बोलली. मग संक्रांत आली, पाडवा आला, आणि सांगायचं राहिलं ते राहिलंच. खरं बोलायचं तर ती काही नुसती सासूवरची दया नव्हती. कुंकू होतं तोवर राजूबाई माणसांत होती, आणि माणसांतून उठायची हौस कुणाला असते?

मेळाव्यात सतरा ताटं मांडली होती. गुलबर्ग्याच्या बाईंनी सात नंबरची पोळी तोंडात घातली, क्षणभर थांबल्या आणि पुन्हा एक तुकडा मोडून घेतला. तेव्हाच सगळ्यांना कळून चुकलं. सात नंबर राजूबाईचा होता.

नाव पुकारलं. ओटीचं तबक घेऊन उभी होती पार्वतम्मा, गावातल्या मोठ्या व्यापाऱ्याची बायको. तिनं पुढं टाकलेलं पाऊल मागं घेतलं.

"मला हिची वटी भरता येत न्हाई," ती म्हणाली.

"कामून?" सोजराबाईनं विचारलं.

"राग मानू नका अक्का. हिचा मालक हाय का न्हाई, कुनालाच ठाव न्हाई. वटी सवाष्णीची असती. डबा द्या की, डब्याला कोन न्हाई म्हनायलंय?"

गुलबर्ग्याच्या बाई भल्या होत्या. "असू द्या, मी भरते," म्हणत त्यांनी कुंकवात बोट बुडवलं. तिथंच सगळं मिटलं असतं. पण सोजराबाईला उपकाराची ओटी नको होती, हक्काची हवी होती.

"थांबा बाई," ती म्हणाली. तिनं कमरेची पिशवी सोडली. मैलारच्या खंडोबाचा भंडारा होता त्यात. पिशवीचं तोंड उघडून तिनं ती सुनेपुढं धरली. "राजू, उचल भंडारा. माझा मालक जिता हाय म्हनून सांग यांला."

पाच वर्षांत ग्यानबा जिता आहे असं राजूबाई स्वतःच्या तोंडानं एकदाही म्हणाली नव्हती. ती गप्प राहिली होती, आणि तेवढ्यावर भागलं होतं. आता गप्प राहून भागणार नव्हतं. पण देवाचा भंडारा हातात घेऊन खोटं बोलायची छाती तिला होईना.

"उचल की," सोजराबाई म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "उचल गं बाई."

राजूबाईनं मान खाली घातली. म्हातारीनं वाकून तिच्या तोंडाकडं पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग ती पिशवीचं तोंड बांधू लागली. गाठ काही बसेना.

"कवापासून ठाव हाय तुला?"

"पहिल्या दिवाळीपासून, अत्या. तिप्पण्णानं सांगितलं. त्यानंच अग्नी दिला म्हनला."

गुलबर्ग्याच्या बाईंना दोघींचं हे खालच्या आवाजातलं बोलणं धड कळलं नाही. त्यांनी डबा राजूबाईच्या हातात दिला आणि टाळ्या वाजवल्या. त्यांनी वाजवल्या म्हणून बाकीच्यांनीही वाजवल्या. पार्वतम्मा तबक खाली ठेवून जवळ आली. "माझ्या मनात तसलं काही नव्हतं अक्का," ती म्हणाली. सोजराबाई तिला ओलांडून चालू लागली.

घरापर्यंत सासू पुढं आणि सून मागं अशा दोघी आल्या. दारात राजूबाईनं तिचे पाय धरले.

"मारा मला, अत्या."

"मारून काय करू?" सोजराबाईनं पाय सोडवून घेतले. "आता मला रडू दे. तू मधी येऊ नगं. पाच वर्षांत तुझं रडून झालं असंल. माझं आज सुरू व्हायलंय."

तिनं आतून कडी लावली. राजूबाई डबा घेऊन ओसरीवर उभी राहिली. एक दिवससुद्धा ती रडली नव्हती. कपाळावर कुंकू ठेवून त्या घरात ती रडणार तरी कुणाच्या नावानं? हे तिला सांगायचं होतं. पण आतून म्हातारीचा हंबरडा आला, शेजारच्या बायका धावत आल्या, आणि राजूबाईला बाजूला सारून दार वाजवू लागल्या.